नवी आवृत्ती घ्यावी की नाही?



या व्याख्यानमालेत बोलण्याचे आमंत्रण आम्हांला आले तेव्हा चिटणीसांनी विषय विचारला. आम्ही सांगितले, "छापखान्यात संगणकावर चित्रे काढण्याचे आणि पाने रचण्याचे जे सॉफ्टवेअर असते, त्याची नवी आवृत्ती घ्यावी की नाही, यावर बोलू." चिटणीस क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "भाऊ, काल आपल्याकडे ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले, उद्या शिवकालीन किल्ल्यांवर आहे. या दोहोंच्या मध्ये हा दुकानदारीचा विषय कसा बसायचा?"

त्यांची शंका रास्त होती. पण आपण थोडा विचार करा. आपल्या घरची लग्नपत्रिका, मुलांची प्रश्नपत्रिका, औषधाच्या खोक्यावरचा मजकूर, निवडणुकीचे पत्रक, इतकेच काय, काल ज्ञानेश्वरीवर झालेले व्याख्यान उद्या पुस्तकात येईल ते पुस्तक, हे सारे कोणाच्या तरी हाताखालच्या त्या सॉफ्टवेअरमधून जाते. आणि "हातातले अवजार बदलावे की आहे तेच चालवावे?" हा प्रश्न एकट्या छापखान्याचा नाही. शिंप्याला तो पडतो, शेतकऱ्याला पडतो, दवाखान्यात पडतो. आमचा जन्म छापखान्यात गेला, म्हणून उदाहरण छापखान्याचे घेतो, इतकेच. आणि बोलताना "आम्ही, आम्ही" असे म्हणतो ते मोठेपणाने नव्हे. तीस वर्षे युनियनचे काम करून जिभेला एकवचनाची सवय राहिलेली नाही.

आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. सतराव्या वर्षी आम्ही एका छापखान्यात उमेदवार म्हणून लागलो. मोठ्या शहरांत खिळ्यांची छपाई तेव्हा मागे पडू लागली होती, पण आमच्या तालुक्याच्या गावी ट्रेडल मशीन अजून धडधडत होते. देवनागरीचे खिळे म्हणजे इंग्रजीसारखे सव्वीस अक्षरांचे काम नव्हे. अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, रफार यांची केशीत शेकडो घरे. कोणते घर कोठे हे हाताला पाठ व्हायला दोन-तीन वर्षे लागत. आम्हांला हे शिकवले एका वृद्ध जुळाऱ्याने. त्यांना सारे मामा म्हणत. मामा न बघता खिळा उचलीत, उलटे अक्षर सुलटे वाचीत, आणि लेखकाची शुद्धलेखनाची चूक लेखकाला न दुखवता सुधारून टाकीत.

१९९० नंतरच्या चार-पाच वर्षांत आमच्या छापखान्यात संगणक यायचे ठरले. आम्ही तेव्हा नुकतेच युनियनमध्ये आलो होतो. तरुण रक्ताला एकच घोषणा सुचली : संगणक नको! आम्ही तीन दिवस दाराशी बसलो. चौथ्या दिवशी संगणक मागच्या दाराने आत गेला. मामांच्या हातावर पंधरा दिवसांचा पगार ठेवण्यात आला. पुढे वर्षभराने आम्हांला ते एका बाइंडरकडे छापील फर्मे घडी करताना दिसले. आम्ही मान खाली घालून जवळ गेलो. मामा म्हणाले, "अरे, यंत्र आले याचे मला दुःख नाही. मला कोणी विचारलेच नाही, याचे आहे. मालकाने विचारले नाही, आणि तुम्हीही विचारले नाही. मी शिकलो असतो."

"तुम्हीही विचारले नाही" हे शब्द आम्हांला आजवर टोचत आले आहेत. मालकाने नवे यंत्र आणायचे ठरवले ते आपल्या सोयीने, आणि आम्ही त्याला विरोध करायचे ठरवले ते आमच्या जोशाने. ज्याच्या हाताला ते यंत्र लागणार होते त्याला दोघांनीही विचारले नव्हते. त्यानंतर आम्ही रात्री शब्दकोश जवळ घेऊन इंग्रजी पुस्तके वाचू लागलो आणि जगात हा प्रश्न इतरांनी कसा सोडवला ते पाहू लागलो.

पहिले उदाहरण आपल्या मुंबईचे. १९२८ साली गिरणी मालकांनी सुसूत्रीकरणाच्या नावाखाली असा आग्रह धरला की एका विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत. त्यावरून एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ सहा महिने संप चालला. भांडण मागाशी नव्हते. मागांची संख्या वाढली तर वाढलेल्या कामाचे पैसे कोणाला आणि ज्याचा माग गेला त्याचे काय, हा प्रश्न होता.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे. तेथील वृत्तपत्रांच्या जुळाऱ्यांच्या संघटनेने १९७४ साली मालकांशी अकरा वर्षांचा करार केला. संघटनेने संगणकावरची जुळणी मान्य केली आणि त्याच्या बदल्यात कायम कामगारांना आयुष्यभर नोकरीची हमी मिळवली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जुलै १९७८ मध्ये तप्त शिशाच्या ओळींवर शेवटचा अंक निघाला, आणि दुसऱ्या दिवसापासून नवी पद्धत सुरू झाली. याच्या उलट लंडनचे. तेथे वॉपिंग येथे एका वृत्तपत्रसमूहाने नवा छापखाना गुपचूप उभा केला, आणि जानेवारी १९८६ मध्ये संपावर गेलेल्या पाच हजारांहून अधिक कामगारांना काढून टाकले. वर्षभर दाराशी निदर्शने झाली, पण कामे परत मिळाली नाहीत. जात तीच, यंत्रही साधारण त्याच जातीचे. एके ठिकाणी आधी बोलणे झाले, दुसऱ्या ठिकाणी झाले नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. खिळ्यांचे यंत्र एकदा घेतले की पिढी दोन पिढ्या पुरे. सॉफ्टवेअरचे तसे नाही. त्याची कालगणना वेगळी. अमेरिकेत सिएटल येथे आल्डस नावाची कंपनी होती. हे नाव व्हेनिसच्या एका जुन्या थोर मुद्रकाचे. तिने १९८५ साली पेजमेकर काढले आणि टेबलावर पान रचण्याची सोय झाली. कॅनडातून १९८९ साली कोरलड्रॉ आले. १९९० साली अडोबी कंपनीचे फोटोशॉप आले. अडोबीने १९९४ मध्ये आल्डस विकत घेतली, १९९९ मध्ये इनडिझाइन काढले, आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्यानंतर ते पुढे वाढले नाही. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी छापखान्यांत ते पुढे दहा-पंधरा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ बिनतक्रार चालले.

कोणी म्हणेल, हा मागासलेपणा झाला. आम्हांला तसे वाटत नाही. त्यामागे कारण होते, आणि ते आपल्या लिपीत होते. त्या काळी मराठी टंक असे बनवलेले होते की संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षराची जागा, आणि पडद्यावर मराठी अक्षराचे चित्र. म्हणजे फाइलमध्ये मराठी नसेच; मराठीचा मुखवटा असे. तो विशिष्ट टंक काढून घेतला की खाली इंग्रजी अक्षरांची खिचडी उरे. देवनागरीला युनिकोडमध्ये स्वतःची जागा १९९१ पासून आहे, पण पाने रचण्याच्या सॉफ्टवेअरला ती नीट जुळवता यायला पुष्कळ वर्षे लागली. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची व्यवस्थित सोय २०१२ च्या सुमारास आली. तोपर्यंत ज्याने जुनी आवृत्ती धरून ठेवली तो आळशी नव्हता. नव्या आवृत्तीत त्याची भाषाच नव्हती.

येथून पुढे दुसरी मोठी घटना घडली. मे २०१३ मध्ये अडोबीने जाहीर केले की यापुढे नव्या आवृत्त्या विकत मिळणार नाहीत. महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीवर वापरायला मिळतील. म्हणजे खरेदी गेली, भाडे आले. आपल्याकडे भाड्याचे आणि पागडीचे घर यांतला फरक समजावून सांगायला नको. भाड्याचे घर वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. ज्याला चार महिने राहायचे आहे त्याने घर विकत कशाला घ्यावे? पूर्वी एकदम मोठी रक्कम मोजावी लागे, ती लहान दुकानाला झेपत नसे. आता एका महिन्याचे काम असेल तर एका महिन्याचे भाडे भरता येते, आणि सुधारणा आपोआप मिळत राहतात. ही बाजू खरी आहे आणि ती मांडलीच पाहिजे.

पण भाडेकरूने मालकाच्या किल्ल्या कोठे आहेत हे पाहून ठेवावे. इचलकरंजीचा यंत्रमागवाला जुना माग विकत घेतो. माग बनवणारा कारखाना बंद पडला, त्याचे धोरण बदलले, तरी हा माग चालायचा थांबत नाही. भाड्याच्या सॉफ्टवेअरचे तसे नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकन सरकारच्या एका आदेशामुळे अडोबीने व्हेनेझुएलातील सर्व ग्राहकांची खाती बंद करणार असल्याचे जाहीर केले. पुढे सरकारकडून परवाना मिळून तो निर्णय त्याच महिन्यात मागे घेतला गेला. पण मधल्या दिवसांत काराकसमधल्या चित्रकाराच्या पोटात काय गोळा आला असेल याची कल्पना करा. त्याचा अपराध काय? तो दुसऱ्याच्या घरात राहत होता. २०२२ च्या अखेरीस रंगांच्या ठरावीक छटा पुरवणाऱ्या पॅन्टोन कंपनीचे आणि अडोबीचे व्यवहार बदलले, आणि ज्यांनी वेगळी वर्गणी भरली नाही त्यांच्या जुन्या फायलींतले ते रंग काळे दिसू लागले. आपण भिंत रंगवून ठेवावी आणि रंगवाल्याने दुसऱ्या वर्षी येऊन ती काळी करावी, असा हा प्रकार. जानेवारी २०२३ पासून अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘टाइप वन’ जातीचे जुने टंकही वापरता येईनासे झाले. ज्यांचे काम त्या टंकांत होते त्यांना ते पुन्हा जुळवावे लागले.

हे सारे पुस्तकी झाले. आता आमच्या जिल्ह्यातल्या एका छापखान्याची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. छापखाना चालू आहे आणि माणसे आपली आहेत.

या छापखान्यात संगणकावर काम करणारे सहा जण. संगणक जुने, त्यावरचे सॉफ्टवेअर त्याहून जुने. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. मालकांचे संगणक असे होते की त्यांवर विंडोज ११ चढत नव्हते. मालकांनी सर्वांना बोलावून सांगितले, "आता सगळेच नवे घेतो. संगणक नवे, सॉफ्टवेअर भाड्याचे. पण भाडे माणशी पडते; सहा जणांचे मला परवडणार नाही. चार जणांचे घेतो." पुढचे वाक्य त्यांनी उच्चारले नाही, पण ते सर्वांना ऐकू आले.

रात्री सहाही जण आमच्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, नवे काही नकोच. जुने उत्तम चालले आहे." आमच्या तोंडावर तीस वर्षांपूर्वीची घोषणा आली होती. मग मामा आठवले आणि आम्ही विचारले, "खरेच उत्तम चालले आहे का?" कोणी बोलेना. त्यांच्यात एक ताई आहेत, वीस वर्षे या कामात मुरलेल्या. त्या म्हणाल्या, "उत्तम कुठले? रोज संध्याकाळी डोळे फुटायची वेळ येते. पण नवे आल्यावर जुन्या फायली कोण उघडणार? वीस वर्षांची पुस्तके आहेत त्यांत. आणि आमच्यातले दोघे कोण जाणार?"

आम्ही मालकांना भेटून एक महिन्याची मुदत मागितली आणि सहाही जणांना एकेक वही दिली. वहीत रोज एवढेच लिहायचे : आज कोणते काम केले, वेळ कोठे गेला, आणि सॉफ्टवेअर जुने असल्यामुळे काय अडले. मालकांनाही एक वही दिली; कोणते काम हातचे गेले ते त्यांनी लिहावे. मालक हसले, पण त्यांनी वही भरली.

महिन्याने वह्या उघडल्या तेव्हा आम्ही सारेच चकित झालो. नव्या आवृत्तीच्या जाहिरातीत ज्या करामती सांगतात त्यांच्यावाचून कोणाचेच फारसे अडत नव्हते. वेळ जात होता तो निराळ्याच ठिकाणी. गिऱ्हाईक मजकूर पाठवते तो मोबाइलवरून, म्हणजे युनिकोडमध्ये. तो जुन्या टंकात बदलावा लागे, आणि बदलताना रफार शेजारच्या अक्षरावर जाई, जोडाक्षरे फुटत. मग ताईंनी डोळे फोडून ओळ न् ओळ तपासायची. म्हणजे ज्याला आम्ही "उत्तम चालले आहे" म्हणत होतो त्याची किंमत ताईंचे डोळे देत होते. ती मालकाच्या जमाखर्चात नव्हती, आणि आमच्या मागणीपत्रातही नव्हती. दुसरी अडचण मालकांच्या वहीत सापडली : बाहेरच्या जाहिरात कंपन्या नव्या आवृत्तीत फायली पाठवतात, त्या येथे उघडत नाहीत, आणि ते काम जिल्ह्याच्या ठिकाणी जाते. पण अशी कामे आठवड्याला दोन-चार. त्यासाठी सहा काय, चार भाड्याच्या जागांचीही गरज नव्हती.

आणखी एक गोष्ट बाहेर आली. ती सांगताना आम्हांला संकोच वाटतो, पण सांगितली नाही तर या व्याख्यानाला अर्थ नाही. त्या सहांपैकी बहुतेक संगणकांवरचे सॉफ्टवेअर चोरीचे होते. ही गोष्ट मालकांना ठाऊक होती, कामगारांना ठाऊक होती, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही ठाऊक होती. "परदेशी कंपनीचे काय बिघडते?" असे म्हणून आम्ही वर्षानुवर्षे डोळेझाक केली. पण १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात पुढे घातलेले ६३-ब हे कलम आम्ही बसून वाचले तेव्हा अंगावर काटा आला. चोरीची प्रत आहे हे माहीत असून जो ती संगणकावर वापरतो, त्याला कमीत कमी सात दिवस आणि अधिकात अधिक तीन वर्षे कैद, आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड, असे त्यात आहे. "जो वापरतो" असे शब्द आहेत, "जो मालक आहे" असे नाहीत. म्हणजे पैसा वाचला मालकाचा आणि धोका ताईंच्याही डोक्यावर. कामगाराच्या सुरक्षिततेची भाषा बोलणाऱ्या आम्ही हा धोका कधी मागणीपत्रात लिहिला नव्हता.

यानंतर मालक, कामगार आणि युनियन एका टेबलाशी बसले. चार बैठका झाल्या, आवाजही चढले. शेवटी जे ठरले ते असे. भाड्याचे सॉफ्टवेअर एकाच संगणकावर, बाहेरच्या फायलींसाठी. त्यावर सर्वांनी पाळीपाळीने बसायचे, पण प्रत्येक पाळीचा परवाना कंपनीच्या अटींत बसतो की नाही हे आधी लेखी विचारून घ्यायचे. उरलेल्या संगणकांवर चोरीची प्रत एकही नाही. तेथे मोफत आणि मोकळे सॉफ्टवेअर, पानांसाठी स्क्रायबस आणि चित्रांसाठी इंकस्केप. नवा मजकूर सारा युनिकोडमध्ये. जुन्या फायलींसाठी एक जुना संगणक तसाच ठेवायचा, पण इंटरनेटपासून तोडून, आणि त्यावर परवान्याचे जुने सॉफ्टवेअर, जे मालकांनी कधीकाळी एकच प्रत का होईना पण पावतीसह घेतलेले होते. झालेले प्रत्येक पुस्तक टंकासह पीडीएफ करून दोन ठिकाणी जपायचे. शिकण्यासाठी रोज एक तास, कामाच्या वेळात, पगारी. आणि या बदलाच्या कारणाने कोणालाही कमी करायचे नाही.

सारे गोड झाले असे समजू नका. मोफत सॉफ्टवेअर हळू चालते, काही कामे त्यात अवघड जातात, आणि पहिले दोन महिने काम मागे पडले तेव्हा मालकांनी आम्हांला पुष्कळ ऐकवले. सहांपैकी एक गृहस्थ, वयाने आमच्याच बरोबरीचे, पंधरा दिवस शिकून थांबले. म्हणाले, "भाऊ, आता नाही जमत." त्यांना हिशेबाच्या आणि गिऱ्हाइकांच्या कामावर घेतले आहे, पगार तोच आहे. पण ते टेबलापलीकडून संगणकाकडे पाहतात तेव्हा आम्हांला वाईट वाटते. मात्र त्यांना विचारले गेले होते. मामांना कोणी विचारले नव्हते.

या अनुभवावरून आम्हांला जे पाच प्रश्न सुचले, ते आपल्यापुढे ठेवतो. आपण शाळेत असा, दुकानात असा, संस्थेच्या कार्यालयात असा. नवी आवृत्ती घेण्यापूर्वी हे विचारावेत.

पहिला प्रश्न : आज नेमके काय अडते? विक्रेत्याची यादी बाजूला ठेवून महिनाभर वही लिहावी. काही अडत नसेल तर पैसे खिशात राहू द्यावेत. अडत असेल तर "पूर्वीपासून असेच चालते" असे म्हणून कोणाचे डोळे झिजवू नयेत.

दुसरा प्रश्न : जुने काम उघडेल काय? वीस वर्षांच्या फायली ही छापखान्याची स्मृती आहे. नवे अवजार घेताना ती पुसली जाणार असेल तर तो सौदा महाग आहे.

तिसरा प्रश्न : हे अवजार मराठी लिहिते काय? जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. एक ओळ स्वतः टाकून पाहावी. तीत "आचार्यास" आणि "आचाऱ्यास" हे दोन्ही शब्द असावेत. पहिल्याला विद्वानाचा मान आणि दुसऱ्याला स्वयंपाक्याचा; सॉफ्टवेअरने दोघांना एक करून टाकले तर पंगतीत घोटाळा व्हायचा. ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची येतात की हिंदी वळणाची, हेही पाहावे. सॉफ्टवेअर फुकट असो की महागडे, या परीक्षेत नापास झाले तर आपल्या उपयोगाचे नाही.

चौथा प्रश्न : शिकण्याचा वेळ कोणाचा, आणि वाचलेला वेळ कोणाचा? फोटोमागची पार्श्वभूमी कापायला पूर्वी अर्धा तास लागे. नव्या आवृत्तीतली कृत्रिम बुद्धिमत्ता ते मिनिटात करते. फार चांगले झाले. पण तो अर्धा तास आता कोणाच्या खात्यावर जमा होणार? कामगार लवकर घरी जाणार, की त्याच्या टेबलावर दुप्पट काम येणार, की शेजारची खुर्ची रिकामी होणार? १९२८ चा तिसरा माग तो हाच. आणि येथे कायदाही थोडा हाताशी आहे. यंत्रात किंवा तंत्रात अशी सुधारणा करायची असेल की जिच्यामुळे कामगार कमी होण्याचा संभव आहे, तर मालकाने आधी सूचना दिली पाहिजे, असे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ९-अ कलमाखाली होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही अशा सूचनेची तरतूद आहे. सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते यंत्र नव्हे, असे कोणी समजू नये.

पाचवा प्रश्न : सोडायचे झाले तर दार कोठे आहे? आत जाण्याची कमान सगळेच सजवतात. वर्षाचा करार मध्येच मोडला तर दंड किती, आपली फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येते की नाही, हे आधी वाचावे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या सांगण्यावरून तेथील सरकारने जून २०२४ मध्ये अडोबीवर खटला भरला तो याच मुद्द्यावर : वर्गणी मध्येच सोडल्यास भरावा लागणारा आकार ग्राहकांना नीट दिसू दिला जात नाही आणि वर्गणी बंद करणे अवघड केले आहे, असा आरोप होता. तेथल्या शिकल्यासवरल्या गिऱ्हाइकाला जे दार सापडत नाही, ते आपल्या तालुक्याच्या गावी कसे सापडायचे?

यावर कोणी म्हणेल की, इतके प्रश्न विचारीत बसले तर जग पुढे निघून जाईल. आमचा अनुभव उलट आहे. १९९० नंतर आम्ही काहीही न विचारता केवळ "नको" म्हटले, आणि मालकाने काहीही न विचारता केवळ "हवे" म्हटले. त्या घाईत एक उत्तम जुळारी फर्मे घडी करायला गेला, आणि त्याच्या डोक्यातले शुद्धलेखन छापखान्याबाहेर गेले. त्यानंतर कित्येक वर्षे आमच्या गावच्या लग्नपत्रिकांत ऱ्हस्वदीर्घाचा जो सुळसुळाट झाला तो आपल्यापैकी वयस्कांना आठवत असेल. यंत्र नवे आले, आणि काम जुन्याहून वाईट झाले. याउलट वह्या लिहिण्यात एक महिना गेला आणि बैठकींत आणखी काही दिवस. पण आज त्या छापखान्यात सहाची सहा माणसे कामावर आहेत, आणि ताईंना संध्याकाळी पोथी वाचण्याइतके डोळे शिल्लक राहतात.

तेव्हा नवी आवृत्ती घ्यावी की नाही? आम्ही एका शब्दात उत्तर देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यावर आपण विश्वास ठेवू नये. कधी घ्यावी, कधी घेऊ नये, कधी एकाच टेबलावर घ्यावी. मात्र त्या टेबलाशी जो बसणार आहे, त्याला बोलावून, खुर्ची देऊन, आधी विचारावे. एवढेच आमचे सांगणे आहे.

मामा गेल्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांना जे विचारायचे राहिले ते आता विचारता येत नाही. म्हणून निदान दुसऱ्यांना विचारावे, या हेतूने आपल्यापुढे उभे राहिलो.